चौदा फ्रेमचा चेहरा : गाण्याच्या व्हिडिओतली नजर कशी ओळखायची?

प्रश्न : मी मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. पॉप गाण्यांच्या व्हिडिओंमध्ये कलाकाराची, विशेषतः नाचणाऱ्या बाईची 'वस्तू' करतात, असं आम्हाला शिकवतात. पण तोकडे कपडे घातले की वस्तू झाली का? नाच तर शरीरानंच करायचा असतो. शिवाय तिनं स्वतः होकार दिला असेल, पैसे घेतले असतील, दिग्दर्शकही बाईच असेल, तर आक्षेप घ्यायचा कशावर? पडद्यावर नेमकं काय बघून ठरवायचं? आणि प्रोजेक्टला काय घेऊ?

उत्तर :

मी संकलक आहे, धंद्याच्या भाषेत एडिटर. २००१ पासून अंधेरी-गोरेगावच्या बिनखिडकीच्या खोल्यांमध्ये बसून गाणी कापतोय. हिंदी रिमिक्स कापले, मराठी अल्बम कापले, कोळीगीतं, हळदीची गाणी, गणपतीची गाणी आणि हल्ली रील्स. तेव्हा टेबलाच्या ज्या बाजूनं मी उत्तर देतोय ती काही धुतल्या तांदळाची बाजू नाही, हे आधीच सांगून टाकतो.

२००४ च्या सुमाराची गोष्ट. रिमिक्स जोरात होते. जुन्या गाण्याचे हक्क घ्यायचे, खाली नवा ठेका टाकायचा, मढच्या एखाद्या बंगल्यावर दोन दिवस शूट, आणि पंधरवड्यात गाणं चॅनेलवर. असं एक गाणं माझ्याकडे आलं. पावणेचार मिनिटं, दोनशेच्या आसपास कट. निर्माता मागच्या सोफ्यावर वडापाव खात बसला होता आणि मधूनच म्हणायचा, "इथं जरा थांब की रे, घाई काय आहे?" 'इथं' म्हणजे कंबर. मी थांबायचो. गाणं चाललं, पुढची तीन कामं त्याच्याकडूनच मिळाली.

दीड महिन्यानं त्या गाण्यात पुढं नाचणारी मुलगी एडिटवर आली, सोबत आई. तिला शोरील करायची होती. "दादा, माझा चेहरा नीट दिसतोय असे पाच-सहा सेकंद काढून द्या ना, ऑडिशनला दाखवायला." मी टाइमलाइन उघडली. मागेपुढे केलं, परत मागेपुढे केलं. तिचा चेहरा फोकसमध्ये आहे, ओळखू येतोय, असा सलग सगळ्यात मोठा तुकडा निघाला १४ फ्रेमचा. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम. म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जेमतेम जास्त. तिची आई म्हणाली, "एवढंच? दोन दिवस तर नाचत होती."

मग रशेसच्या, म्हणजे न कापलेल्या मूळ चित्रणाच्या टेप काढल्या. तिथं ती भरपूर होती. ओठांतल्या ओठांत मात्रा मोजणारी, स्टेप चुकल्यावर स्वतःलाच हसणारी, एका टेकला तर इतकी तालात की मागच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या होत्या. कॅमेरामननं ते सगळं इमानदारीत टिपलं होतं. टाकून दिलं होतं मी. आणि टाकताना माझ्या मनात काही वाईट होतं असंही नाही. मनात काहीच नव्हतं, हात चालत होते. रशेसमधून बारा सेकंद काढून तिला टेपवर दिले. कपडे काय होते विचाराल, तर घागरा-चोळी. आजच्या मानानं अंगभरच म्हणायची.

म्हणून कपड्यांची फूटपट्टी मला कधीच कामाची वाटली नाही. पोहण्याच्या स्पर्धेचं प्रक्षेपण बघा. अंगावर कपडा कमीत कमी, तरी तिथं बाई वस्तू होत नाही, कारण कॅमेरा तिच्या हाताच्या फटक्यामागं, पाण्यामागं, घड्याळामागं असतो. आणि नऊवारीतली बाई वस्तू होऊ शकते. मी स्वतः केलेली आहे.

मग बघायचं काय? पहिलं काम, आवाज बंद करा. गाणं हे फार लबाड असतं, ते सगळे सांधे झाकतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकवणाऱ्या सट जाली यांनी १९९० मध्ये नेमकं हेच केलं. एमटीव्हीवरच्या व्हिडिओंमधले तुकडे घेतले, त्यांच्याखालची मूळ गाणी काढून टाकली, आणि एकसारखे शॉट एकामागोमाग लावून वर्गात दाखवण्यासाठी एक फिल्म केली. गाणी वेगळी, गायक वेगळे, पण बाईवरून फिरणारा कॅमेरा एकच. एमटीव्हीनं कॉपीराइटचा मुद्दा काढून खटल्याची धमकी दिली, आणि त्या भांडणातूनच पुढं त्यांची माध्यमशिक्षणाची संस्था उभी राहिली. भाष्य त्यांनी केलंच, पण एडिटर म्हणून मला त्यात गंमत त्या मांडणीची वाटते. नुसतं शेजारी शेजारी ठेवलं.

आवाज बंद केल्यावर एक गोष्ट बघा जी पुस्तकात सहसा सापडत नाही. स्लो मोशनमध्ये ओठ जुळतायत का? त्याचं असं आहे. २५ च्या जागी ५० फ्रेमनं शूट केलं की पडद्यावर हालचाल निम्म्या वेगानं दिसते. अशा शॉटमध्ये ओठ गाण्याशी जुळायला हवे असतील तर सेटवर नागरा, म्हणजे गाण्याचं प्लेबॅक, दुप्पट वेगानं लावावं लागतं. गाणं चिरक्या आवाजात पळतं आणि नाचणारीला त्या वेगात ओठ हलवायला शिकावं लागतं. कटकटीचं काम आहे, पंधरा-वीस टेक जातात. तेव्हा स्लो मोशनमध्ये ओठ बरोबर बसले असतील तर समजा, तिच्या चेहऱ्यासाठी कुणीतरी आधी बसून विचार केलाय, वेळ खर्च केलाय. आणि स्लो मोशन फक्त मानेखालीच असेल, तर त्या मेहनतीची कुणाला गरजच वाटली नव्हती. पोटाला कुठं लिपसिंक लागतो?

दुसरं, एंट्री. हिरोची एंट्रीही पायांपासून होते, हिरोइनचीही. पण हिरोचे बूट चालत येतात. धूळ उडते, कुणीतरी येतंय हे कळतं. तिचे पाय उभे असतात आणि चालतो कॅमेरा. पोटरी, मांडी, कंबर, छाती, आणि सगळं मोजून झालं की शेवटी चेहरा. मग लगेच बघणाऱ्या पुरुषाचा शॉट. त्याचं हसू आलं की आपली बघण्याची सोय झाली. बघत तर तो होता, आपण नाही! लॉरा मल्वी या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी १९७५ च्या निबंधात हॉलिवूडच्या सिनेमाबद्दल हे मांडलं. पुरुष बघतो, बाई बघितली जाते, आणि प्रेक्षकाला त्या पुरुषाच्या डोळ्यांत बसवलं जातं. तुम्हाला अभ्यासक्रमात असेलच. निबंध न वाचताच मला याचा पत्ता लागला होता, कारण तो 'रिॲक्शन शॉट' नसला की क्लायंट म्हणायचा, "काहीतरी मिसिंग वाटतंय."

तिसरं, लेन्स. कॅमेरा जवळ असेल तर नाचणारीला तो दिसतो. ती त्याच्याकडे बघते, डोळा मारते, नको असेल तर पाठ फिरवते. लांबून टेली लेन्सनं, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सनं घेतलेल्या शॉटमध्ये कॅमेरा कुठंय आणि किती जवळचं टिपतोय, तिला पत्ता नसतो. मधे झाडाचं पान, दाराची फट, पडद्याची झालर असं काही धूसर पुढं आलं की समजा, तुम्हाला चोरून बघायला बसवलंय. धंद्यात याला 'फोरग्राउंड दे, डेप्थ येईल' म्हणतात. येते डेप्थ, खोटं नाही. त्यासोबत दुसरंही काहीतरी येतं.

आता चोरून बघण्याबद्दलच बोलायचं तर मॅडोनाच्या 'ओपन युअर हार्ट'वर थोडं थांबू. १९८६ चा व्हिडिओ, दिग्दर्शक फ्रेंच छायाचित्रकार जाँ-बाप्तिस्त मोंदिनो. मॅडोना काळ्या कॉर्सेटमध्ये एका पीप शोमध्ये नाचते. पीप शो म्हणजे मध्ये गोल स्टेज, भोवती छोट्या छोट्या खिडक्या, प्रत्येक खिडकीमागं एक गिऱ्हाईक. पैसे संपले की झडप खाली. सुरुवातीला ती काळा विग काढते, खाली पांढरटसोनेरी बारीक केस. खुर्ची घेऊन नाचते. बाहेर एक लहान मुलगा आत जायला बघतोय आणि तिकीटवाला म्हातारा त्याला सोडत नाही. शेवटी ती बाहेर येते पुरुषी सूट आणि हॅट घालून, आणि दोघं उड्या मारत निघून जातात. म्हातारा मागं धावतो.

हा व्हिडिओ मी विद्यार्थ्यांना दाखवतो तो उलट्या कॅमेऱ्यासाठी. आपल्याला वारंवार स्टेजवरून खिडक्यांकडे बघायला लावलंय. एकसारखे दिसणारे दोन खलाशी, सिगरेट ओढणारी एक बाई, काही गिऱ्हाइकं तर सपाट चित्रासारखी, नुसते पुठ्ठे. बघणारे खोक्यात अडकलेत, बघितली जाणारी मोकळी फिरतेय. एरवी एडिटर जो शॉट प्रेक्षकाची लाज झाकायला वापरतो, तोच इथं ती उघडी पाडायला वापरलाय.

पण म्हणून मी त्याला पूर्ण मार्क देत नाही. ज्या नजरेची तो टिंगल करतो तिचीच भाकरी खातो. कॉर्सेटवरून कॅमेरा तिथंही फिरतो, आणि ज्यानं चॅनेलवर तो व्हिडिओ जेवताना अर्धवट बघितला त्याला खिडक्यांमधला उपहास दिसला असेल असं मला वाटत नाही. त्यालाही झडप वर झाली एवढंच कळलं असणार. दोन दगडांवर पाय ठेवून उभा असलेला व्हिडिओ आहे तो, आणि तोल जाऊ न देण्याइतकी ताकद मॅडोनाकडे होती. कल्पना तिला हवी तशी होती, गाणं तिचं होतं, नाव तिचं होतं. मागच्या रांगेत नाचणाऱ्या मुलीकडे यातलं काही नसतं.

त्याच वर्षी रॉबर्ट पामरचं 'अ‍ॅडिक्टेड टू लव्ह' गाजलं. टेरेन्स डोनोव्हन हा फॅशन छायाचित्रकार दिग्दर्शक. गायकाच्या मागं पाच मॉडेल, सारखे काळे कपडे, सारखे मागं चापून बसवलेले केस, सारखी लाल लिपस्टिक, चेहरे कोरे, हातात वाद्यं पण वाजवत कुणीच नाही. मार्था नसबाम या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी १९९५ मध्ये माणसाची वस्तू होण्याच्या सात खुणा सांगितल्या, त्यातली एक अशी की एकीच्या जागी दुसरी चालते. पाचांपैकी एक त्या दिवशी आजारी पडली असती तर काय बिघडलं असतं? मुंबईच्या भाषेत 'रिप्लेसमेंट पाठवा'. ती खूण समजायला आणखी उदाहरण नको.

आता तुमच्या प्रश्नातला अवघड भाग, होकाराचा.

नाचणारी होकार देते ती नेमका कशाला? कपड्यांची ट्रायल होते, ती ठरवते. स्टेप बसवतात, ती बघते आणि करते. कुठं बघते? तालमीच्या हॉलमधल्या आरशात. आरसा तिला डोक्यापासून पायापर्यंत अख्खी दाखवतो, तिच्याच वेगानं. त्या आरशातल्या स्वतःला ती 'हो' म्हणालेली असते. लेन्स कुठली, फ्रेम कुठून कापणार, वेग किती, कटमध्ये तिच्या मागंपुढं कुठला शॉट येणार, हे तिला कुणी सांगत नाही. सांगितलं पाहिजे हेही कुणाच्या डोक्यात येत नाही. पंचवीस वर्षांत एडिट सुरू असताना मागच्या सोफ्यावर नाचणारी बसलीय, असं माझ्याकडे पाच-सहा वेळाच झालं असेल. क्लायंटचा मेव्हणा मात्र नेहमी असतो.

'काँटा लगा' तुम्हाला माहीत असेलच. मूळ गाणं १९७२ च्या 'समाधी'मधलं, आर. डी. बर्मन यांचं संगीत आणि लता मंगेशकरांचा आवाज. २००२ मध्ये त्याचा रिमिक्स आला, राधिका राव आणि विनय सप्रू यांनी व्हिडिओ केला, आणि इंजिनिअरिंगला असलेली शेफाली जरीवाला रातोरात घराघरांत पोचली. कमरेशी डोकावणाऱ्या अंतर्वस्त्राच्या पट्टीवरून केवढा गहजब झाला होता! माझ्या मावशीनं तेव्हा टीव्हीवर टॉवेल टाकला होता, शब्दशः. त्या कामाचे तिला ७ हजार रुपये मिळाले, हे ती पुढं मुलाखतींमध्ये सांगायची. आणि जगात 'काँटा लगा गर्ल' एकच, ती मी, हेही अभिमानानं सांगायची. जून २०२५ मध्ये ती गेली तेव्हा बातम्यांचे मथळे तेच होते.

आता हिला वस्तू म्हणायचं का? मला नाही म्हणवत. चेहरा होता, नाव झालं, ओळख तिनं स्वतः उचलून धरली. तिचा शब्द आपण खोटा पाडायचा नाही. पण तिच्यामागून पुढची तीन वर्षं जी रांग लागली, दर महिन्याला नवी मुलगी, नवा रिमिक्स, तसाच कॅमेरा, त्यातल्या कितीजणींची नावं आठवतात तुम्हाला? मला आठवत नाहीत, आणि त्यातली काही गाणी मी कापलीत. एका मुलीच्या होकारावर बाकीच्या दहाजणींचा हिशोब मिटवता येत नाही.

दिग्दर्शक बाई असली तर? २०१३ चं रॉबिन थिकचं 'ब्लर्ड लाइन्स' घ्या. दिग्दर्शक डायान मार्टेल. तीन मॉडेल, आणि एका आवृत्तीत त्या कमरेवर उघड्या. त्यातली एमिली रॅटाकाउस्की अनेक वर्षं म्हणत होती की सेटवर मजा आली, बायका बऱ्याच होत्या, सुरक्षित वाटलं. २०२१ मध्ये आलेल्या तिच्या पुस्तकात तिनं लिहिलं की शूटच्या वेळी थिकनं मागून येऊन तिच्या छातीला हात लावला. मार्टेलनंही तसं घडल्याचं एका ब्रिटिश वृत्तपत्राला सांगितलं. तेव्हा मजा आली हेही खरं आणि ते घडलं हेही. माणसाच्या आठवणीत दोन्ही राहू शकतं. कॅमेऱ्यामागं बाई असल्यानं फरक पडतो, पण शूटची रचना तीच असेल तर खुर्चीवर कोण बसलंय एवढ्यानं सगळं बदलत नाही.

'चेहरा दिसतो का' या माझ्या कसोटीचं मात्र एका व्हिडिओनं पार वाटोळं केलं, तेही सांगितलं पाहिजे. डिअँजेलो या अमेरिकन गायकाचं 'अनटायटल्ड', २००० सालचं. काळी पार्श्वभूमी, एकसलग वाटणारा शॉट, आणि कमरेच्या खालपर्यंत उघडा असलेला, कमावलेल्या अंगाचा गायक. चेहरा भरपूर आहे. थेट आपल्याकडे बघून गातो. तुकडे नाहीत, चोरटी लेन्स नाही. वर सांगितलेल्या सगळ्या खुणांवर पास. तरी त्याच्या दौऱ्यात काय झालं? प्रेक्षकांमधून बायका 'कपडे काढ' म्हणून ओरडायच्या. गाण्याच्या मध्येच. पियानो, गिटार, ड्रम सगळं वाजवणारा माणूस, वर्षानुवर्षं घासून अल्बम केलेला, आणि लोक वाट बघतायत शर्टाची. दौऱ्यानंतर तो जवळजवळ दिसेनासा झाला. पुढचा अल्बम आला डिसेंबर २०१४ मध्ये, १४ वर्षांनी. सगळा दोष एका व्हिडिओवर ढकलता येणार नाही, त्याच्या आयुष्यात दारू होती, बाकीही बरंच होतं. पण त्या व्हिडिओनं आपल्याला काय केलं हे त्याला चांगलंच कळलं होतं.

मी तो व्हिडिओ परत परत बघितला, कुठं चुकतंय ते शोधायला. मग लक्षात आलं की त्याच्या हातात वाद्य नाही. पियानो नाही, वादक नाहीत, स्टुडिओ नाही. माणूस अख्खा आहे, त्याचं काम काढून घेतलंय. माझ्या त्या २००४ च्या गाण्यातही हेच होतं. मोजणारे ओठ, चुकल्यावरचं हसू, टाळ्या मिळवणारा टेक, म्हणजे तिचं काम, ते मी काढून टाकलं आणि उरलं ते शरीर. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना सांगतो, काय दाखवलंय याची यादी नंतर करा. आधी काय कापलंय ते शोधा. ते शोधणं अवघड आहे, कारण कापलेलं दिसत नसतं. पण अंदाज येतो. चार मिनिटांत तिची एक तरी स्टेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग दिसते का, एवढं बघितलं तरी पुष्कळ.

पुरुषाची वस्तू होते तेव्हा दर वेळी इतकं महाग पडतं असंही नाही. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'त लाकडी खोक्यातून मिलिंद सोमण बाहेर आला, पार्सल आल्यासारखा. राणीनं नवरे नाकारले आणि हा निवडला. सगळ्या देशानं बघितला, आणि दुसऱ्या दिवशी लोकलनं जाताना त्याला धोका नव्हता. हा फरक व्हिडिओच्या बाहेरचा आहे, पण तो विसरून व्हिडिओ वाचता येत नाही.

तुम्ही मराठीत लिहिताय तर लावणीचं विचारणारच. संगीतबारीत बैठकीची लावणी ज्यानं समोर बसून बघितलीय त्याला ठाऊक असेल, तिथं नजर दोन्हीकडून चालते. बाई तुमच्याकडे बघते. कुणाकडे बघायचं, किती वेळ, आणि कुणाला ताटकळत ठेवायचं, हे ती ठरवते. एका ओळीवर पाच प्रकारच्या अदा करते आणि समोरच्याचा घाम काढते. शोषण नव्हतं असं मी अजिबात म्हणत नाही. दौलतजादा, कर्ज, मालक, त्या सगळ्याचा इतिहास काळाच आहे. पण नजरेपुरतं बोलायचं तर ती बैठक आजच्या व्हिडिओपेक्षा सरळ होती, कारण मधे माझ्यासारखा कापणारा नव्हता. आणि दुसऱ्या टोकाला सुलोचना चव्हाण. डोक्यावर पदर घेऊन, माइकसमोर सरळ उभ्या राहून गायच्या, आणि लावणीत शृंगार असा भरायच्या की बाकी कशाची गरज पडू नये. शृंगार आणि उघडेपणा यांचं लग्न कुणी लावलंय देव जाणे.

आता जत्रेतल्या स्टेजसमोर पहिल्या रांगेत मोबाइल असतात, हात वर करून नाही, गुडघ्यावर ठेवून. खालून वर. घरी जाऊन तेवढाच तुकडा कापून, वेग कमी करून टाकतात. आता प्रत्येकाच्या खिशात एडिटर आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या एका लोकप्रिय नृत्यांगनेचं कपडे बदलतानाचं चोरून चित्रण करून पसरवण्यापर्यंत मजल गेली आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला.

इथं कायद्याची एक गोष्ट माहीत असू द्या, नाचणाऱ्या मैत्रिणींना सांगा. अशा चोरून बघण्या-टिपण्याचा वेगळा गुन्हा २०१३ मध्ये दंडसंहितेत आला, कलम ३५४ क. जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. पहिल्यांदा दोषी ठरला तर एक ते तीन वर्षं कैद, पुन्हा केलं तर तीन ते सात. स्टेजवरचा किंवा सेटवरचा नाच यात बसत नाही, कपडे बदलण्याची खोली बसते. पण त्यातलं एक स्पष्टीकरण फार कामाचं आहे. अशा खासगी क्षणाचं चित्रण करायला बाईनं संमती दिली असली आणि ते तिसऱ्याला दाखवायला दिली नसली, तरी पसरवणं हा गुन्हाच. म्हणजे टिपण्याचा होकार वेगळा आणि दाखवण्याचा वेगळा, हे कायद्याला कळलंय. आमच्या धंद्यातल्या करारांना अजून कळलेलं नाही. तिथं एका ओळीत 'सर्व माध्यमे, सर्व काळ' लिहून मोकळे होतात.

सेन्सॉरचं थोडक्यात. २००६ पासून केबलवर दाखवायच्या म्युझिक व्हिडिओला सेन्सॉर बोर्डाचं सर्वांसाठी योग्य असल्याचं प्रमाणपत्र लागतं. गाणी आता लोक फोनवर बघतात, तिथं हे लागत नाही. आणि जिथं लागतं तिथंही मोजतात ते कपडेच.

यूट्यूबवर दुसरंच काहीतरी आलंय. २०२२ पासून व्हिडिओच्या पट्टीवर एक करडी टेकडी दिसते, लोकांनी कुठला भाग परत परत बघितला ते दाखवणारी. मॅडोनाच्या त्या खिडक्या आठवतात? सगळ्या गिऱ्हाइकांनी कुठं नाणं टाकलं त्याचा हा आलेख. क्लायंट आता सोफ्यावर बसून 'इथं थांब' म्हणत नाही. मागच्या गाण्याची टेकडी दाखवतो आणि म्हणतो, "पब्लिकला हे हवंय." त्याचं तोंड बंद करायला माझ्याकडे आकडा नसतो. एकदाच सापडला होता. एका हळदीच्या गाण्यात सगळ्यात उंच टेकडी होती म्हातारी आजी मधे घुसून नाचते तिथं.

प्रोजेक्टला काय घेऊ असंही तुम्ही विचारलंत. एकच गाणं घ्या, शक्यतो तुम्हाला आवडणारं. आवाज बंद करून तीनदा बघा. चेहऱ्याच्या फ्रेम मोजा, सलग स्टेप मोजा, स्लो मोशनमधले ओठ बघा. मग त्यातल्या नाचणाऱ्या कुणाला तरी गाठा, मागच्या रांगेतली असेल तर उत्तम, आणि विचारा की शूटच्या दिवशी मॉनिटर बघायला मिळाला होता का, वापरून उरलेल्या टेप किंवा कार्डचं पुढं काय झालं, थंबनेल कुणी निवडला. शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जणी हसतील.

माझ्याकडे सध्या एक असिस्टंट मुलगी आहे, सांगलीची, तेवीस वर्षांची. गेल्या महिन्यात एका कोळीगीताचा कट लॉक झाला तेव्हा तिनं मला न विचारता त्याची लिंक आधी नाचणारीला पाठवली. मी चिडलो, कारण क्लायंटनं अजून बघितलं नव्हतं. पाऊण तासानं नाचणारीचं उत्तर आलं : "मस्त झालंय. फक्त २ मिनिटं १० सेकंदांवर माझा डावा पाय चुकलाय, तेवढं काढा प्लीज." आम्ही दोघांनी तो कट दहा वेळा बघितला होता. पाय खरंच चुकला होता.